आफ्रिकेत म्हणजे कुठे?

मृणाली बाळंतपणाला माहेरी येणार नव्हती, तिची आईच तिच्याकडे जाणार होती. ही बातमी जानेवारीत धुळ्याच्या देवपूर भागातल्या कॉलनीत पसरली आणि त्या दिवसापासून मृणालीच्या आईच्या, म्हणजे द्रौपदाबाई सुरवाडे यांच्या, डोक्याला ताप सुरू झाला. मृणालीचा नवरा संघपाल, मूळचा धरणगावचा, टांझानियातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. बातमी पसरता पसरता तिच्यातला टांझानिया कुठेतरी गळून पडला. उरलं एवढंच, की आपल्या द्रौपदाबाई सिस्टर आफ्रिकेला चालल्या.

मग जो तो सल्ला द्यायला लागला. शेजारच्या बेबाबाईंनी टीव्हीवर सिंह पाहिले होते, त्यांनी संध्याकाळी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. समोरच्या लोटननानांचा भाचा कुठल्याशा बंदरावर लुटला गेला होता. द्रौपदाबाईंनी विचारलं कुठल्या देशात, तर नाना म्हणाले आफ्रिकेतच. बाईंनी पुन्हा विचारलं, नानांनी भाच्याला फोन लावला, आणि देश निघाला नायजेरिया. हा देश टांझानियापासून किती लांब आहे हे बाईंनी नकाशा काढून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले, असेल, पण सांभाळून राहिलेलं बरं.

द्रौपदाबाई चिडत. चिडल्या की त्या काही बोलत नसत, नुसता चष्मा काढून पदराने पुसत बसत. बत्तीस वर्षं नर्सबाईची नोकरी केलेली बाई ती. नशिराबादला जन्म, शेतमजुरी करून शिकवणारे आईबाप, नर्सिंगचा कोर्स, आणि पहिली नेमणूक साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पार डोंगरातल्या उपकेंद्रात. नवरा एसटीत मेकॅनिक होता, तो जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा राजदीप वीज कंपनीत. कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

नकाशाबद्दल आणि नावांबद्दल त्या इतक्या हट्टी का, हे कॉलनीला माहीत नव्हतं. ते त्या पहिल्या नेमणुकीतलं होतं.

रुजू व्हायला निघाल्या तेव्हा तालुक्याच्या एका वरिष्ठ बाईंनी त्यांना सांगितलं होतं, की तिकडे सगळे आदिवासी, सगळं सारखंच, चार शब्द शिकून घे, काम भागेल. द्रौपदाबाईंनी चार शब्द शिकून घेतले. वय बावीस. उपकेंद्राखाली नऊ पाडे होते. एका पाड्यावर कोकणा, पुढच्यावर भिल्ल, टेकडी ओलांडली की मावची. बोली वेगळ्या, देव वेगळे, बाळंतिणीला काय खाऊ घालायचं तेही वेगळं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याच महिन्यात एका पाड्यावरून बोलावणं आलं. पहिलटकरीण खाटेवर पडून काहीतरी सांगत होती. त्यातला एकच शब्द बाईंना कळला, पाणी. त्यांनी तांब्या भरून तिच्या तोंडाला लावला. पोरीने मान फिरवली, पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी पुन्हा तांब्या पुढे केला. असं अर्धा तास चाललं. मग भिकुबाई नावाची म्हातारी दाई आली. तिने पोरीच्या अंगाखालची गोधडी उचलून बाईंच्या हातात दिली. गोधडी चिंब होती. पोर सांगत होती की आदल्या दिवसापासून पाणी जातंय.

बैलगाडी, मग लाकडाचा ट्रक, असं करून तिला पिंपळनेरच्या दवाखान्यात नेलं. मूल वाचलं. आई अठरा दिवस तापाने फणफणली आणि ते अठराही दिवस द्रौपदाबाई तिच्या उशाशी होत्या. ती बरी झाल्यावर त्यांनी वही आणली. नऊ पाडे, प्रत्येकाची वेगळी पानं. दुखतंय कसं म्हणतात, कळ कशी म्हणतात, जोर कर कसं म्हणतात. भिकुबाई सांगायची आणि बाई लिहायच्या. ‘सगळं सारखंच’ हे शब्द त्यानंतर त्यांना सहन झाले नाहीत.

म्हणून टांझानियाचं ठरल्यावर त्यांनी जानेवारीतच नवी वही सुरू केली. त्या देशात शंभरावर भाषा आहेत, पण स्वाहिली बहुतेकांना येते, एवढं कळल्यावर स्वाहिली धरली. रोज सकाळी जेवणाआधी दोन तास फोनवर धडे ऐकायचे आणि देवनागरीत लिहून घ्यायचे. औषधाला दावा म्हणतात हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. साबणाला साबुनी, दुकानाला दुका, आणि चपातीला तर चपातीच. समुद्रावरून शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांनीच हे शब्द इकडून तिकडे नेले, काही दोघांकडे अरबांकडून आले, असं त्यांनी वाचलं. कुठे दुखतं याला इनाउमा वापी. जोर लाव याला सुकुमा. ‘सुकुमा’ त्या भाजी चिरताना मोठ्याने म्हणत. राजदीपला ते ऐकू जायचं.

तो म्हणायचा, आई, तू मुलीच्या घरी चाललीस, ड्युटीवर नाही. बाई म्हणायच्या, तिथल्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई कण्हायला लागली तर मी काय भिंतीकडे तोंड करून बसू?

तिकिटाचं काम जळगावच्या एका एजंटाकडे होतं, कारण तो राजदीपच्या ओळखीचा. प्रेमराज त्याचं नाव. हसतमुख माणूस. पहिल्याच भेटीत त्याने बाईंच्या हातात ‘आफ्रिका प्रवास माहिती’ असा झेरॉक्सचा एक कागद ठेवला. हवामान उष्ण. भाषा इंग्रजी व आफ्रिकन. जेवण सोबत न्यावे. संपलं. पन्नासच्या वर देशांना मिळून तेवढ्या तीन ओळी. बाईंनी विचारलं, कुठल्या महिन्यात उष्ण? विषुववृत्ताच्या खाली तर जुलैत थंडी असते. प्रेमराज म्हणाला, मॅडम, आफ्रिकेत थंडी कुठली, स्वेटर घरीच ठेवा, वजन वाचेल. बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

मार्चमध्ये त्या मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून आल्या. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर दहा प्रश्न विचारतात, त्या सगळ्यांची उत्तरं त्यांनी नर्सच्या भाषेत दिली. लशीचा पिवळा दाखला घेऊन त्या एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा जळगावला प्रेमराजच्या ऑफिसात गेल्या. आणि त्या दिवशी, ज्याबद्दल त्या तीन महिने सगळ्या जगावर चिडत होत्या, तेच त्यांच्या हातून घडलं.

ऑफिसातल्या खुर्चीवर एक काळा, उंच, चाळिशीचा माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. ठिबक सिंचनाचं प्रशिक्षण घ्यायला तो जळगावला आला होता आणि परतीचं तिकीट पुढे ढकलायचं होतं. त्याला पाहून द्रौपदाबाईंचा चेहरा फुलला. तीन महिन्यांत स्वाहिली बोलायला पहिलं माणूस भेटलं होतं. त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घोकलेलं वाक्य म्हणाल्या, हबारी या असुबुही. म्हणजे सकाळची खुशाली.

तो माणूस अदबीने उठून उभा राहिला. हसला. बाईंना वाटलं उच्चार चुकला, म्हणून त्यांनी सावकाश पुन्हा म्हटलं. मग तो जोडत जोडत इंग्रजीत म्हणाला की माफ करा, ही भाषा मला येत नाही. त्याचं नाव इब्राहिमा, देश सेनेगल. घरी वोलोफ बोलतात, शाळेत फ्रेंच.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. प्रेमराज मध्येच म्हणाला, पण तो पण आफ्रिकाच ना मॅडम, आणि त्यांना त्याचा फार राग आला. राग त्याचा तरी किती होता आणि स्वतःचा किती, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. चामडी पाहून भाषा ठरवली होती त्यांनी. शिकून, वह्या भरून, नकाशा पाठ करून.

त्यांनी इब्राहिमाची आपल्या इंग्रजीत माफी मागितली. त्याला काही वाटलं नव्हतं. इथे आल्यापासून लोक मला दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटबद्दल विचारतात, तो म्हणाला, आणि मी आयुष्यात क्रिकेट पाहिलेलं नाही. मग त्याने विचारलं, तुम्ही टांझानियाला जाताय का? मी कधी गेलो नाही. “माझ्या घरापेक्षा तुमचं घर त्याला जवळ आहे, मॅडम.”

बाईंना ते पटेना. प्रेमराजच्या टेबलावर शोभेचा पृथ्वीचा गोल होता. बाईंनी पर्समधल्या सुईदोऱ्याचा दोरा काढला. एक टोक जळगावच्या अंदाजाने धरलं, दुसरं टांझानियाच्या किनाऱ्यावर, आणि तेवढाच दोरा उचलून सेनेगलपासून लावला. दोरा वाटेतच संपला, खंडाच्या पोटात कुठेतरी. त्यांनी पुन्हा मोजलं. प्रेमराजही खुर्चीतून उठून पाहायला आला आणि म्हणाला, च्यायला.

मग बाई आणि इब्राहिमा तासभर बोलत बसले. त्याला तीन मुलं होती, बायको शाळेत शिकवायची. सेनेगलमध्येच किती भाषा आहेत ते त्याने बोटांवर मोजून सांगितलं. बाईंनी त्याला सांगितलं, की ह्या जिल्ह्यात माझी आई बोलायची ती बोली वेगळी, रावेर-यावलकडची वेगळी, आणि मी आता बोलतेय ती आणखी वेगळी. तो म्हणाला, मला तर तिकडे सगळ्यांनी सांगितलं की भारतात हिंदी बोलतात, म्हणून मी हिंदी शिकून आलो. दोघं हसले, पण एसटीत बसल्यावर धुळ्यापर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत स्वतःवर धुमसत राहिल्या.

हे होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच संघपालचा फोन आला. त्याची बदली झाली होती. कंपनीचा दुसरा कारखाना शेजारच्या मालावी देशात होता, महिनाअखेर तिकडे हजर व्हायचं होतं. पगार थोडा जास्त होता, राहायला बंगला होता, मृणालीची तब्येत उत्तम होती. सगळं एका दमात सांगून तो म्हणाला, तुम्ही काळजी करू नका आई, तुमच्यासाठी काहीच बदलत नाही.

द्रौपदाबाईंनी फोन ठेवला. समोर स्वाहिलीच्या दोन भरलेल्या वह्या होत्या. राजदीप नुकताच ड्युटीवरून आला होता. त्याला कळल्यावर तो बूट काढत काढत म्हणाला, मग काय झालं, आफ्रिकाच आहे ना, तिकिटावरचं नाव बदलेल फक्त.

बाई घरात शुद्ध बोलत. संताप फार झाला की मात्र नशिराबादचं बालपण बाजूला राहून नवऱ्याच्या गावची, धुळ्याकडची अहिराणी तोंडात यायची.

“आफ्रिका म्हंजे काय एक गाव शे का रे?” त्या म्हणाल्या. “उद्या तुले सांगं, बदली जयी, आशियामा जाय. तू कोठे जाशी? बठ्ठं सारखंच शे तर जाय मंग चीनमा, नही तं अरबस्तानमा. वायरीच जोडनी शेतीस ना?”

राजदीप एक बूट हातात धरून बसून राहिला. आईचा असा आवाज त्याने वडील गेल्यापासून ऐकला नव्हता. सून चहा घेऊन आली, तिने कप खाली ठेवला आणि परत आत गेली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मालावीत काय बोलतात? आणि ते इतक्या साध्या आवाजात विचारलं, की बाईंचा राग खाली बसला. त्या म्हणाल्या, माहीत नाही. बघू.

चिचेवा बोलतात, असं त्या दोघांनी मिळून शोधलं. इंग्रजीही चालते. पण टांझानियासारखे अरबी वळणाचे ओळखीचे शब्द तिथे हाताशी येईनात. दावा गेला, मांख्वाला आला. सुकुमा गेलं, कांखानी आलं. तीन महिने जिभेवर बसवलेलं सगळं उतरवायचं होतं, आणि एकसष्टाव्या वर्षी ते शिकण्याइतकंच अवघड जात होतं. एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी बसला. मोठ्या बाईला तिथे मानाने अमायी म्हणतात, म्हणजे आई. खानदेशातली माय आणि ती अमायी यांचा काही संबंध नाही, नुसता योगायोग, हे बाईंना समजत होतं, तरी तो शब्द त्यांनी वहीत दोनदा लिहिला.

प्रेमराजला नवीन तिकीट काढायला सांगितलं. लशीचं काय, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, लागेलही, नाहीही लागणार, दाखला पर्समध्ये असू द्या, आफ्रिका आहे. बाईंनी शेवटी स्वतः वकिलातीत फोन केला. चार वेळा केला.

जुलैत त्या गेल्या. अंगावर शाल, बॅगेत स्वेटर. ब्लँटायर शहराच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा बारीक पाऊस आणि गार वारा होता आणि जावई हाफ शर्टात कुडकुडत उभा होता. त्याला पाहून त्यांनी अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. मृणालीचं पोट, पाय, डोळ्यांच्या कडा त्यांनी गाडीतच तपासल्या. सगळं ठीक होतं.

कारखाना डोंगर उतरून खाली, शिरे नदीच्या काठच्या सपाट भागात होता. तिथे हवा ऊबदार, दोन्ही बाजूंना ऊस. कामगारांसाठी छोटा दवाखाना होता. दुसऱ्याच दिवशी बाई तिथे गेल्या, तिथल्या नर्सला नमस्कार केला, चिचेवात स्वतःचं नाव सांगितलं. नर्सचं नाव चिसोमो. तिला फार आनंद झाला. ती म्हणाली, आमच्या कारखान्यातले भारतीय साहेब चार वर्षं राहून ‘झिकोमो’च्या पुढे जात नाहीत. झिकोमो म्हणजे आभार.

मग बाकावर बसलेल्या एका गरोदर बाईकडे वळून द्रौपदाबाईंनी चिचेवात विचारलं की दुखतंय का. त्या बाईने नुसतं पाहिलं. शेजारची म्हातारी काहीतरी म्हणाली. त्यातला एकही शब्द वहीतला नव्हता.

चिसोमो म्हणाली, ह्या नदीपलीकडच्या गावांतल्या आहेत. त्या सेना नावाची भाषा बोलतात. इकडे खाली बरेच लोक सेनाच बोलतात. आपसात तरी.

घरी येऊन बाईंनी संघपालला विचारलं. त्याला तीन महिने झाले होते इथे, त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. ती आपसात कोणती भाषा बोलतात, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, इथलीच बोलत असतील. मृणाली आईच्या चेहऱ्याकडे पाहून उठली आणि पाणी आणायला गेली. बाई जावयावर आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “संघपाल, धरणगावात तुमच्या वडिलांना कुणी म्हटलं असतं, तुम्ही लोक इथलंच काहीतरी बोलता, तर चाललं असतं का?” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने प्रयोगशाळेतल्या एका माणसाकडून कागदावर वीस शब्द लिहून आणले आणि जेवताना सासूच्या ताटाशेजारी ठेवले. स्पेलिंग बाईंना लागत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडूनच प्रत्येक शब्द वाचून घेतला.

ऑगस्टच्या नऊ तारखेला मृणालीला मुलगी झाली. ब्लँटायरच्या मोठ्या दवाखान्यात, दिवसाउजेडी, फार त्रास न होता. बाईंना आत घेतलं नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आणि शेजारी कुणाची तरी सासू होती, तिच्याशी मोडक्या चिचेवात तिच्या सुनेबद्दल आणि मृणालीबद्दल बोलल्या. तिने पिशवीतून उकडलेलं मक्याचं कणीस काढलं आणि मोडून अर्धं यांना दिलं. कारखान्याच्या दवाखान्यात पुढे त्या आठवड्यातून तीन दिवस जात राहिल्या. कामाला हात लावायची परवानगी नव्हती आणि त्यांनी कधी लावला नाही. बाकावर बसायच्या, बायकांकडून शब्द विचारायच्या आणि चिसोमोला कधी मधूनच सांगायच्या, त्या कोपऱ्यातलीला आधी बघ, तिचे पाय सुजलेत. चिसोमो बघायची. त्यातल्या दोघींना तिने वेळेत वर शहरात पाठवलं.

नोव्हेंबरात बाई धुळ्याला परतल्या. पंधरवड्यातच विहाराच्या महिला मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. त्या गेल्या तर दारावर भला मोठा फ्लेक्स. वर बाईंचा फोटो, मागे मावळता सूर्य आणि एक काळं झाड, आणि खाली लिहिलेलं, ‘आफ्रिका खंडाच्या यशस्वी दौऱ्यावरून परतल्याबद्दल’. त्याखाली कंसात, ‘मालवी, दक्षिण आफ्रिका’.

मंडळाच्या ताईबाईंनी उत्साहाने विचारलं, कसा झालाय? बाईंनी कंसातलं पुन्हा एकदा वाचलं. आत साठ-सत्तर बायका बसलेल्या होत्या. बाईंनी पर्स उघडली, जाड पेन काढलं, खुर्ची मागवली, तिच्यावर चढल्या आणि कंसातलं सगळं खोडलं. ‘मालावी’ लिहिलं. थोडा विचार करून त्यापुढे लिहिलं, ‘शिरे नदीकाठ’. ताईबाई खुर्ची धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, सिस्टर, लोकांना काय कळतंय त्यातलं.

“नाही कळत, म्हणून तर,” द्रौपदाबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

अर्धा तास बोलायचं ठरलं होतं. त्या दोन तास बोलल्या. मध्येच भिंतीवर नकाशा लावून देश विचारायला लागल्या, तेव्हा मागच्या रांगेतल्या चौघी हळूच उठून गेल्या. बाईंनी ते पाहिलं आणि आवाज थोडा वाढवला.